त्रिमितीय वस्त्ररचना : संगणकातील कापड आणि भारतीय देहाची मापे

बंगळुरू म्हटले की माहिती तंत्रज्ञान डोळ्यांसमोर येते. परंतु याच शहरातील पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांत तयार कपड्यांचे असंख्य कारखाने असून त्यांत लाखो कामगार, आणि त्यांतही बहुसंख्येने स्त्रिया, काम करतात. १९७४ मध्ये लागू झालेल्या बहुतंतू करारामुळे प्रत्येक निर्यातदार देशाला कोटा ठरवून दिलेला असे. १९९५ पासून दहा वर्षांत हा कोटा टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला व १ जानेवारी २००५ पासून तो रद्द झाला. त्यानंतर बंगळुरूच्या कारखान्यांना बांगलादेश, व्हिएतनाम, चीन यांच्याशी उघड स्पर्धा करावी लागली. ही स्पर्धा जशी किमतीची होती, तशीच ती वेळेचीही होती. त्रिमितीय वस्त्ररचनेचे संगणकीय तंत्र कारखान्यांत शिरले ते या वेळेच्या प्रश्नामुळे. मात्र या तंत्राचा विचार करताना एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. पडद्यावरचे कापड ज्या देहावर घातले जाते, तो देह कोणाचा?

नमुन्याचा प्रवास

निर्यातीच्या शर्टाचा जन्म एका कागदी तपशिलातून होतो. परदेशी खरेदीदार चित्र, मापे, कापड व शिलाई यांची माहिती पाठवतो. कारखान्यातील पॅटर्न मास्टर त्यावरून पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर असे सपाट तुकडे आखतो. नमुना शिवणारा कारागीर ते तुकडे जोडतो आणि तयार शर्ट कुरियरने परदेशी जातो. तेथे तो पुतळ्यावर किंवा प्रत्यक्ष व्यक्तीच्या अंगावर चढवून पाहतात. काखेत ओढ बसते, खांदा अर्धा सेंटिमीटर उतरतो, अशा टिपणांसह उत्तर येते. पुन्हा आखणी, पुन्हा शिलाई, पुन्हा कुरियर. अशा तीन-चार फेऱ्या होईपर्यंत कित्येक आठवडे निघून जातात, आणि मोठ्या उत्पादनाचा एक टाकाही अजून पडलेला नसतो.

सपाट तुकडे संगणकावर आखण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. फ्रान्समधील लेक्ट्रा ही कंपनी १९७३ पासून याच क्षेत्रात आहे. नवी गोष्ट आहे ती तिसऱ्या मितीची. ब्राउझवेअर, ऑप्टिटेक्स किंवा २००९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण कोरियाच्या क्लो या कंपनीच्या प्रणालींत तेच सपाट तुकडे एका आभासी देहाभोवती मांडले जातात. कोणती कड कोणत्या कडेला शिवायची हे दर्शवले की संगणक ते शिवतो आणि कापड देहावर सोडून देतो. कापड जेथे ताणले जाते तेथे लाल रंग, जेथे सैल राहते तेथे निळा, अशा नकाशावरून दोष पडद्यावरच दिसतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत प्रवास व मालवाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा प्रत्यक्ष नमुन्याऐवजी असा आभासी नमुना स्वीकारण्याकडे खरेदीदारांचा कल वाढला.

कापडाचे गणित

पडद्यावरचे कापड खऱ्यासारखे पडावे यासाठी आधी खरे कापड मोजावे लागते. शिंपी दोन बोटांत कापड चुरून त्याचा पोत सांगतो. हा अनुभव अंकांत मांडण्याचा पाया १९३० मध्ये ब्रिटिश संशोधक पिअर्स यांनी घातला. त्यांची पद्धत विलक्षण सोपी आहे. कापडाची अरुंद पट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची. स्वतःच्या वजनाने ती वाकते. तिचे टोक आडव्या पातळीखाली ४१.५ अंशांच्या रेषेला टेकले की बाहेर आलेली लांबी मोजायची. तिची निम्मी लांबी म्हणजे त्या कापडाची वाक-लांबी. कापडाचा वाकण्यास होणारा विरोध हा दर चौरस एककाचे वजन आणि वाक-लांबीचा घन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. म्हणजे समान वजनाच्या दोन कापडांपैकी एकाची वाक-लांबी दुप्पट असेल, तर ते आठपट ताठ ठरते.

झोळ मोजण्याची कुसिक यांची पद्धत १९६० च्या दशकातील आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचे गोल कापड १८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर मध्यभागी ठेवतात व त्याची सावली कागदावर घेतात. कापडाचे क्षेत्रफळ ७०६.९ चौरस सेंटिमीटर आणि तबकडीचे २५४.५, म्हणून लोंबणाऱ्या कड्याचे क्षेत्रफळ ४५२.४ होते. सावली ४८० चौरस सेंटिमीटर भरली, तर तिच्यातून तबकडी वजा करता २२५.५ उरतात. त्यांना ४५२.४ ने भागले असता झोळ-गुणांक सुमारे ५० टक्के येतो. मऊ रेशमी कापडाचा हा आकडा लहान असतो आणि खळ घातलेल्या सुती कापडाचा मोठा. १९७० च्या दशकात जपानमधील क्योटो विद्यापीठाचे प्राध्यापक कावाबाता यांनी ताण, कातर, वाक, दाब आणि पृष्ठभागाचे घर्षण या सर्वांची मोजणी करणारी उपकरणमालिका विकसित केली. आजच्या प्रणालींत कापडाची जी माहिती भरावी लागते, ती बव्हंशी याच वर्गांतील असते.

ही माहिती संगणक कशी वापरतो, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. कापड म्हणजे जाळ्यात बांधलेले असंख्य सूक्ष्म कण अशी कल्पना करतात. शेजारचे कण स्प्रिंगने जोडलेले असतात. उभ्या-आडव्या स्प्रिंगा ताणा आणि बाणा यांचा विरोध दाखवतात, कर्णावरच्या स्प्रिंगा कातर दाखवतात, आणि एक कण सोडून पुढच्याला जोडणाऱ्या स्प्रिंगा वाक दाखवतात. विणलेले कापड उभ्या-आडव्या दिशेने फारसे ताणले जात नाही, पण तिरक्या दिशेने सहज लांबते. गोल गळ्याची पट्टी शिंपी तिरकी कापतो ती यासाठीच. प्रत्येक कणावरचे गुरुत्वाकर्षण, स्प्रिंगांचे बल, देहाचा आधार व घर्षण यांची बेरीज करून न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याचा त्वरण काढतात, आणि अत्यल्प काळानंतर तो कोठे असेल ते ठरवतात. हीच आकडेमोड हजारो वेळा केली की कापड स्थिरावते.

अडचण येते ती ‘अत्यल्प काळ’ या शब्दांत. कण हलके आणि स्प्रिंगा ताठ असल्याने काळाचा टप्पा थोडा जरी मोठा घेतला तरी चुका वाढत जातात आणि पडद्यावरचे कापड अक्षरशः फुटून विखुरते. टप्पा लहान ठेवला तर गणन संपता संपत नाही. टर्झोपुलस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लवचीक वस्तूंचे भौतिक प्रतिमान मांडले, तेव्हापासून ही अडचण होती. बॅरॅफ आणि विट्किन यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, कणांवरचे बल आताच्या स्थितीवरून न काढता टप्प्याच्या शेवटच्या स्थितीवरून काढले, तर प्रत्येक वेळी समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो खरा, पण टप्पा पुष्कळ मोठा घेता येतो. चित्रपटांतील आभासी वस्त्रे आणि कारखान्यांतील आभासी नमुने या दोहोंना या शोधनिबंधाने गती दिली. पुढे २०१२ मध्ये राहुल नारायण, आर्मिन सामी आणि जेम्स ओब्रायन यांनी सुरकुती पडेल तेथेच जाळे बारीक करण्याची रीत मांडली. यांपैकी नारायण आता दिल्लीच्या आयआयटीत अध्यापन करतात.

सपाट कापडाला गोलाई देण्याचा प्रश्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. कागद न चुरगाळता चेंडूवर चिकटवता येत नाही. १८२७ मध्ये गाउस यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयाचा हा परिणाम. ब्लाउजला टक्स घालणारी, कटोरी बसवणारी कारागीर स्त्री हेच प्रमेय रोज सोडवत असते. प्रणाली तिला टक्सची जागा सुचवू शकते, परंतु त्यासाठी अंगाची गोलाई नेमकी ठाऊक असावी लागते.

देह कोणाचा?

येथे विषयाच्या मर्माशी यावे लागते. टेपने घेतलेली छाती, कंबर आणि नितंब यांची मापे समान असलेल्या दोन व्यक्तींचे खांदे वेगळे उतरू शकतात, पाठीचा बाक वेगळा असू शकतो. म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने संपूर्ण देह टिपणारी यंत्रे वापरतात. व्यक्ती ठरावीक स्थितीत काही सेकंद उभी राहते आणि तिच्या पृष्ठभागाचे लाखो बिंदू नोंदले जातात. अशी हजारो माणसे मोजली की देहांची विविधता काही थोड्या आकड्यांत मांडता येते. एक आकडा उंची-ठेवण सांगतो, दुसरा स्थूलता, तिसरा खांदे व कंबर यांचे नाते. २०१५ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले ‘एसएमपीएल’ हे प्रतिमान याच तत्त्वावर आहे. ६,८९० बिंदूंचा हा आभासी देह जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

परंतु हा देह ज्या मोजणीतून शिकला ती ‘सीझर’ नावाची मोजणी १९९८ ते २००० या काळात अमेरिका, नेदरलँड्स आणि इटली येथे झाली होती. त्यात भारत नव्हता. प्रतिमानाला जे देह दाखवले जातात त्यांच्या मर्यादेतच ते नवा देह कल्पू शकते. त्यामुळे बंगळुरूतील एखाद्या अभियंत्याने आपल्याच शहरातील ग्राहकांसाठी प्रणाली रचली, तरी तिच्या मुळाशी दूरदेशीचे देह असण्याचा संभव राहतो. निर्यातीच्या शर्टाबाबत यात काही बिघडत नाही, कारण तो तिकडच्याच देहांसाठी शिवलेला असतो. देशांतर्गत बाजारात मात्र बिघडते.

मोजणीतून कोणी वगळले गेले तर काय होते, याचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी केवळ श्वेतवर्णीय स्त्रियांची मापे ग्राह्य धरण्यात आली. सरासरीवर विसंबणेही फसवे असते. अमेरिकी हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ च्या अहवालात दाखवले की, ४,०६३ वैमानिकांपैकी एकही जण दहाही मापांत सरासरीच्या आसपास नव्हता. मार्च २०१९ मध्ये केवळ स्त्री अंतराळवीरांचा पहिला अंतराळ-पदसंचार नासाला पुढे ढकलावा लागला, कारण मध्यम आकाराच्या धडाचा एकच पोशाख सज्ज होता. तो पदसंचार अखेर १८ ऑक्टोबर २०१९ रोजी पार पडला.

बंगळुरूला देहमापनाची परंपरा आहे, पण ती प्रामुख्याने विमानविद्येची. १९५७ मध्ये स्थापन झालेली हवाई दलाची वैमानिकी वैद्यक संस्था येथे आहे. संरक्षण संशोधन संस्थेची जैव-अभियांत्रिकी प्रयोगशाळा, ‘डेबेल’, हीही येथेच आहे व वैमानिकांचे संरक्षक पोशाख हा तिच्या कामाचा भाग आहे. लढाऊ विमान वेगाने वळते तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. वैमानिकाच्या पोशाखातील हवेच्या पिशव्या पोट, मांड्या व पोटऱ्या आवळून ते रोखतात. असा पोशाख दोन बोटे सैल असून चालत नाही. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या देशाच्या पहिल्या तीन स्त्री लढाऊ वैमानिक हवाई दलात दाखल झाल्या. पुरुषांच्या मापांवर आधारलेल्या तक्त्यांचा फेरविचार अशा घटनांमुळे अपरिहार्य ठरतो.

नागरी क्षेत्रात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय देहमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. फर्निचर व यंत्रे यांच्या रचनेसाठी तो उपयुक्त ठरला, तथापि वस्त्रांसाठी लागणारी त्रिमितीय नोंद ही वेगळी गोष्ट आहे.

इंडियासाइज

या पार्श्वभूमीवर वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हाती घेतलेला ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प महत्त्वाचा आहे. निफ्टची स्थापना १९८६ ची असून २००६ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय यंत्रांनी मोजणी करून भारतीय देहांसाठी प्रमाण मापतक्ता तयार करावयाचा होता. त्यासाठी सहा प्रदेशांतील सहा शहरे निवडण्यात आली : दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, शिलाँग आणि दक्षिणेसाठी बंगळुरू. त्या वेळी चौदा देशांनी अशी राष्ट्रीय मोजणी पूर्ण केल्याचे सांगण्यात आले होते. भारतीय उत्पादक तोवर अमेरिकी किंवा ब्रिटिश तक्त्यांत फेरफार करून काम भागवीत. एकाच व्यक्तीला एका दुकानात ‘एम’ आणि शेजारच्या दुकानात ‘एक्सएल’ बसतो, याचे एक कारण हेच.

प्रकल्पाचा हेतू योग्यच आहे, परंतु त्याच्या मर्यादाही ओळखाव्या लागतात. शहरांत घेतलेली मापे गडचिरोलीच्या किंवा रायचूरच्या खेड्यातील स्त्रीला कितपत लागू पडतील? शिवाय देह स्थिर नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) २०.६ टक्के स्त्रिया वाढीव वजनाच्या होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २४ टक्के झाले. त्याच फेरीत १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या. दोन्ही टोके इतकी भरलेली असताना ‘मध्यम’ आकार कोणासाठी, हे दर काही वर्षांनी पुन्हा ठरवावे लागेल.

ई-व्यापाराला या प्रश्नाची झळ थेट पोहोचते. २००७ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘मिंत्रा’ने २०१३ मध्ये ‘फिटिकेट’ ही सॅन फ्रान्सिस्कोची छोटी कंपनी विकत घेतली. ग्राहकाने आपली मापे द्यावीत, त्यावरून आभासी पुतळा बनावा आणि त्यावर कपडा फिरवून पाहता यावा, असे तिचे तंत्र होते. कपडा परत आला की वाहतूक, तपासणी व पुन्हा घडी घालणे यांचा खर्च विक्रेत्यावर पडतो, त्यामुळे योग्य आकार सुचवणाऱ्या गणितावर या कंपन्यांचे लक्ष असणे स्वाभाविक आहे. मात्र छायाचित्रावर कपड्याचे चित्र चिकटवणारी आजची अनेक साधने तो कपडा कसा दिसेल एवढेच सांगतात. दंडात तो रुतेल का, हे सांगायला भौतिकीच लागते. हा भेद जाहिरातींत हटकून पुसला जातो.

शिवण नसलेले वस्त्र

परदेशी प्रणालींचा सारा डोलारा ‘तुकडे कापा आणि शिवा’ या क्रियेवर उभा आहे. साडीला तुकडे नाहीत आणि शिवणही नाही. तिचा आकार घडीतून, निरीतून आणि परकराच्या नाडीत खोचण्यातून जन्मतो. ऋता कपूर चिश्ती यांनी साडी नेसण्याच्या १०८ रीती नोंदवल्या आहेत. बंगळुरूपासून जवळच्या कोडगू जिल्ह्यात निऱ्या पाठीमागे घेतात, तर महाराष्ट्रातील नऊवारीचा काष्टा दोन पायांमधून मागे जातो. गणनाचा भार पाहू. दर ५ मिलिमीटरला एक कण धरला, तर शर्टाच्या दोन चौरस मीटर कापडाला सुमारे ८० हजार कण लागतात. साडेपाच मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद साडीला अडीच लाखांहून अधिक. त्यातही निऱ्यांचे सहा-सात थर एकमेकांवर घासतात. कणाने देहातून आरपार जाऊ नये एवढे पाहून भागत नाही, कापडाने कापडातूनही जाऊ नये हे दर टप्प्याला तपासावे लागते, आणि घर्षणाचा आकडा किंचित चुकला तरी निऱ्या सुटतात. नेसण्याची क्रिया, म्हणजे बोटांचा क्रम, संगणकाला शिकवणे हा तर स्वतंत्र प्रश्न आहे. भारतीय संशोधकांनी हाती घ्यावा असा हा विषय आहे. बाहेरचे कोणी तो आपल्यासाठी सोडवील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

कौशल्य आणि संमती

आभासी नमुन्यांमुळे नमुना शिवणाऱ्यांचे काम कमी होईल, ही भीती निराधार नाही. हे काम कारखान्यातील अधिक कौशल्याचे मानले जाते. पॅटर्न मास्टरचे ज्ञान मात्र अधिक मोलाचे ठरते, कारण काखेतील ओढ लाल रंगात दिसली तरी ती कोणत्या कडेला किती कापून जाईल हे प्रणाली आपणहून सांगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेली ‘समर्थ’ ही वस्त्रोद्योगातील कौशल्यविकास योजना, तसेच २०२३ मध्ये जाहीर झालेली कलबुर्गी व अमरावती येथील पीएम मित्र वस्त्रोद्यान केंद्रे यांतील प्रशिक्षणात शिलाई यंत्राबरोबर या प्रणालींनाही स्थान मिळाले, तर यंत्रावर बसणाऱ्या स्त्रियांना आखणीच्या टेबलापर्यंत जाण्याची वाट खुली होईल. अन्यथा ही कामे केवळ महागडे पदवी शिक्षण घेतलेल्यांकडेच जातील.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. देहाची त्रिमितीय नोंद ही छायाचित्राहूनही अधिक उघडी असते. तिच्यावरून चेहरा, व्यंग, गर्भारपण कळू शकते आणि नाव काढून टाकले तरी देहाची ठेवण ओळख पटवू शकते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. संमती मुक्त, नेमकी व माहितीपूर्ण असावी आणि ती मागे घेता यावी, अशी त्यात तरतूद आहे. परंतु आरोग्य किंवा देहविषयक माहितीसाठी ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्ग या कायद्यात ठेवलेला नाही. दुकानाच्या आरशासमोर काही सेकंद उभ्या राहिलेल्या ग्राहकाने उद्या संमती मागे घेतली, तर त्याची मूळ नोंद पुसता येईल. मात्र तिच्यावरून शिकलेल्या प्रतिमानातून तो एक देह वेगळा कसा काढायचा, याची सर्वमान्य रीत संगणकशास्त्रात अद्याप नाही.